तोतारामकाकांनी न खाल्लेली जिलबी

नांदुऱ्याच्या आमच्या गल्लीत दवाखान्यातलं वजन कच्चं धरलं जायचं. बाळ-बाळंतीण घरी आली, चार दिवस गेले, की बाळाची आजी त्याला दुपट्यात गुंडाळून तोतारामकाकांच्या ओट्यावर न्यायची. काका आधी हात धुवायचे, कोरडे करायचे, मग बाळ दोन्ही तळव्यांवर घेऊन डोळे मिटायचे. हात एकदा किंचित खाली, एकदा किंचित वर. तेवढ्यात बाळ रडलं तरी काका डोळे उघडत नसत. मग निकाल यायचा, "तीन किलो. वर पन्नास गिराम." त्यानंतर आजी पदराच्या गाठीतून दवाखान्याचा कागद काढायची. दोन्ही आकडे जुळले, तर दवाखाना चांगला. नाही जुळले, तर सिस्टर नवीन असेल, असं सगळे म्हणत. काका चुकले असतील, हे कुणाच्या मनातही येत नसे.

माझंही वजन असंच झालं होतं, आणि बाबांनी ते माझ्या दहावीच्या मार्कांपेक्षा जास्त वेळा लोकांना सांगितलं आहे.

काका बाजार समितीत मापारी होते. धान्य येईल त्या दिवशी सकाळी काट्यापाशी उभं राहायचं, पोती तोलायची, आकडा मोठ्याने पुकारायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. उंच, सडसडीत माणूस. पांढरी टोपी, पांढरा पायजमा आणि अंगाच्या मानाने फार मोठे हात. ते हात त्यांनी गवयाने गळा जपावा तसे जपले. घरात लाकूड फोडायचं असलं तर काकू फोडत. "तळवा राठ झाला का वजन समजत नाही," असं काकांचं म्हणणं होतं. हे आळशीपणाचं निमित्त आहे, असं काकूंचं होतं. मला दोघांचंही पटायचं.

मापाऱ्यांच्या मोजणीत 'एक' नसतो. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, मग तीन. सुरुवात शुभ व्हावी म्हणून जुन्या लोकांनी लावलेली ही रीत. इतर मापारी ती यार्डातच सोडून घरी येत. काका ती अंगावर घेऊन फिरत. चहावाल्याने किती कप म्हणून विचारलं, तर "लाभ." दोन मुलांत मोठा कोण, तर "हा आमचा लाभ." कुठल्याशा साहेबाने एकदा चिडून विचारलं होतं, अहो नीट सांगा, किती पोती. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, पह्यल्यापासून मोजा लागीन मंग. लाभ..."

यार्डातली त्यांची एक गोष्ट मी बाबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं. एका शेतकऱ्याचं सोयाबीन तोलताना पोतं उचलताच काका म्हणाले, हे काट्यात जास्त भरून राह्यलं. अडत्या शेटजी हसले. इलेक्ट्रॉनिक काटा नुकताच आला होता, त्यावर त्यांचा फार जीव. ते म्हणाले, मापारी, मशीन खोटं बोलत असते काय. काका म्हणाले, "काटा कधीच खोटं बोलत नाही. म्हणूनच त्याच्याशी भांडू नाही. तोल चुकला का पारडं झाडा." पोतं उतरवलं, काट्यावर अंथरलेला गोणपाट उचलला, तर त्याखाली शेटजींचा स्वतःचा जेवणाचा डबा. सावलीत राहावा म्हणून त्यांनीच सकाळी तिथे सरकवला होता आणि विसरले होते. काकांनी डबा तळव्यावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सव्वादोन किलो. शेटजी, एकटेच जेवता का पाव्हणे येनार हायत?" त्या दिवसापासून शेटजी जेवायला घरीच जाऊ लागले.

माझे बाबा मेडिकल चालवत, आता मी चालवते. काकांचं घर दुकानाच्या अगदी समोर. आम्ही विहारात जाणारी माणसं, ते देवळात जाणारे. येता-जाता काका म्हणत "जयभीम, साहेब," आणि बाबा म्हणत "रामराम, मापारी." आपण दुसऱ्याचा नमस्कार करायचा, असा दोघांचा न बोलता झालेला करार होता, आणि एखाद्या दिवशी चुकून दोघांनी आपापला केला तर दोघंही ओशाळायचे.

आता जिलबीकडे येते. जिलबी हा काकांचा जीव की प्राण. बाजाराच्या दिवशी हलवाई त्यांना तोलून देत नसे. परातीत हात घाला आणि पावकिलो उचला, एवढंच म्हणे, आणि लोक थांबून तो खेळ बघत. काका उचलत, हलवाई मग काट्यावर ठेवून खात्री करे, आणि नेहमी पावकिलोच भरे. घरी पोचेपर्यंत मात्र ते पावकिलो राहत नसे. काकू पुडा हातात घेऊन म्हणत, "मी मापारी नाही, पण मलेही समजते."

चार वर्षांपूर्वी काकांच्या छातीत दुखलं. अकोल्याला नेलं, एक नळी तुंबली होती, त्यात स्प्रिंग टाकली. भेटायला गेलेल्यांनी विचारलं, किती टाकल्या, तर त्या अवस्थेतही उत्तर आलं, "लाभ." डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या: रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, नाडी हळू ठेवायची. वर सांगितलं की साखर अजून काठावर आहे, गोड बंद करा. काका मान हलवत होते. गोदाकाकूंना त्या मानेचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी तिथल्या तिथे, पलंगापाशी, काकांचा हात उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"आता बोला. माह्या डोस्क्यावर हात ठेवून."

काका म्हणाले, "गोडाचा कन तोंडात टाकनार नाही. टाकला तं..." पुढचं काकूंनी त्यांना बोलू दिलं नाही. काकू तशा फार देवभोळ्या नव्हत्या. पण डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ती त्या डोक्यावर पडते, यावर त्यांचा अगदी आतून विश्वास होता. काकांनी त्या दिवसापासून जिलबीच्या दुकानावरून जाणंही सोडलं, रस्ता बदलला.

आणि मग काका विझत गेले. घरी आले, गोळ्या वेळेवर घेत, सांगितलं तेवढं चालत. पण बाकीचा सगळा वेळ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आम्हाला वाटलं, अशक्तपणा आहे, जाईल. महिना झाला, दोन झाले. मागच्या आळीतली सुरेखा तिचं बाळ घेऊन ओट्यावर आली. काकांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "दवाखान्यात केलं ना वजन? मंग तेच बरोबर."

त्या वाक्याने आमची गल्ली जितकी हादरली, तितकी त्यांच्या हार्ट अटॅकनेही हादरली नव्हती. काकू माझ्या दुकानात बाकड्यावर बसून रडल्या. मी मल्टिव्हिटॅमिनची बाटली दिली. दुसरं काही सुचलं नाही, हे आज कबूल करते.

त्यानंतर काकांनी एक नवीन सुरू केलं. गुरुवारी शेगावला जायचं. सकाळच्या गाडीने जात, दुपारच्या गाडीने येत, कधी आठवड्याने, कधी पंधरा दिवसांनी. येताना प्रसादाचे पुडे आणत आणि गल्लीत वाटत. आणि खरोखर, दोन-अडीच महिन्यांत माणूस परत आला. एक दिवस माझ्या दुकानात सलाईनच्या बाटल्यांचा खोका उतरत होता. मागून कुणीतरी त्याला तळवा लावला आणि आवाज आला, "साडेतेरा किलो. कागदावर किती हाय, पाह्य." मी कागद पाहिला नाही, मी काकांकडेच पाहिलं. टोपी नीट होती, डोळ्यांत मिश्कीलपणा होता. गल्लीने एकमुखाने श्रेय महाराजांना दिलं. बाबांचा चमत्कारावर विश्वास नाही. ते म्हणाले, माणूस हसला ना, मग कारण कोणतंही चालेल. सुरेखाचं बाळ पुन्हा आणण्यात आलं. ते तेव्हा बसायला लागलं होतं आणि काकांची टोपी ओढत होतं, तरी वजन झालं.

हा आनंद काही महिने टिकला, आणि मग साखर वाढली.

नेहमीची तपासणी होती, अकोल्याच्या डॉक्टरांना कागद दाखवायचा होता. काठावरची साखर काठ ओलांडून बरीच आत आली होती. काकूंनी माझ्याकडून घरी तपासायची मशीन नेली. उपाशीपोटी जास्त, जेवल्यावर त्याहून जास्त. काकू थेट तपासाला लागल्या. साखरेच्या डब्याला आतून पेन्सिलने रेघ मारली. गुळाची बरणी पदराखाली घेऊन माझ्या दुकानात आल्या आणि ती खोकल्याच्या औषधांमागे ठेवायला लावली. "इथं कोनी पाहनार नाही." मी ठेवली. एवढंच नाही, मी काकांना थांबवून साखरेवर चांगलं पंधरा मिनिटांचं भाषणही दिलं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पोरी, बराबर हाय तुहं. पन मी खाल्लंच नाही." खरं सांगते, मी विश्वास ठेवला नाही. गोड चोरून खाणारे सगळे पेशंट हेच म्हणतात, आणि याच सुरात म्हणतात.

पुरावे काकांच्या विरुद्ध जमत गेले. दर खेपेला शेगावहून प्रसाद येतो. एवढा वाटणारा माणूस गाडीत एकही तोंडात टाकत नसेल? मग एक लग्न झालं. काकूंच्या जाऊबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, भाऊजी पंगतीत जिलबीची प्लेट हातात धरून उभे होते, डोळे मिटून. डोळे मिटून, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

त्या संध्याकाळी ओट्यावर खटला उभा राहिला. काकूंच्या एका हातात साखरेची मशीन होती.

"प्लेट हातात होती का नोती?"

"होती."

"कायले?"

"तोलून पाह्यली. सव्वाशे गिराम होती. मंग ठेवून देल्ली."

जाऊबाई फिसकन हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मशीन पुढे केली. "जलमभर तुमीच सांगत आले, काटा खोटं बोलत नाही. मंग हा काय बोलून राह्यला?"

काकांनी मशीनचा आकडा वाचला. "काटा खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "अन् मीही नाही बोलत."

"दोघायतलं एक कोनीतरी बोलते."

काकूंचा आवाज तेव्हा फुटला. "गोड खाल्ल्याचं मले काही नाही. जीभ हाय, चुकते. पन माह्या डोस्क्यावर हात ठेवून खाल्लं तुमी. म्हंजे माह्या डोस्क्याचं तुमाले काहीच वजन नाही?"

चौतीस वर्षांत ज्याच्या मापाला कुणी बोट लावलं नाही, त्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यानंतर काकूंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. जेवण वाढत, गोळ्या हातावर ठेवत, पण बोलत ते ताटाशी. "भाजी संपली म्हना. पायजेन तं सांगा म्हना." काकाही मग ताटालाच उत्तर देऊ लागले. बघणाऱ्याला हसू येई, आणि घरात शिरलं की हसू मावळे.

चार-पाच दिवसांनी दुपारी, मी शटर अर्धं ओढून डबा खायला बसले होते, तेव्हा काका वाकून आत आले. बाकड्यावर बसले. म्हणाले, "वर्षा, तोल चुकला तं काय करा लागते?"

"पारडं झाडा लागते," मी म्हटलं. हे आमच्या गल्लीत पोराटोरालाही माहीत आहे.

"हाव. मी इचार केला. अंगातलं पारडं झाडतो. उद्यापासून आठ दिवस सगळ्या गोळ्या बंद. मंग लाभ, दोन, तीन करत एकेक परत ठेवतो. कोनती साखर वाढवते ते समजून जाईन."

मी डबा बाजूला ठेवला. स्प्रिंग टाकलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवायची गोळी मनाने बंद करणं म्हणजे काय, हे मी त्यांना अजिबात गोड न बोलता सांगितलं. ओरडलेच म्हणा. "आणि काका, या तीन गोळ्या तुम्ही वर्ष-दीड वर्ष घेताय. साखर आत्ता वाढली. जुनं ओझं तेच असेल, तर नवीन काय ठेवलंत पारड्यात?"

काकांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि प्रसादाच्या कागदात गुंडाळलेली एक पुडी काढून काउंटरवर ठेवली. आत गोळ्यांची पट्टी होती. मनाच्या आजारावरची.

लाज वाटते सांगायला, पण माझा पहिला प्रश्न होता, "माझं दुकान सोडून हे कुठून घेतलं?"

"शेगावहून," काका म्हणाले. "तिथं मनाचे डाक्टर हायत. भिताडाकडं तोंड करून पडे मी, तवा मलेच माहं समजलं का हे काही अशक्तपन नाही. जाऊन आलो. त्यायनं हे देल्लं. महाराजायनं नाही उठवलं मले, वर्षा, या गोळीनं उठवलं. आता कोनाले सांगू? मापाऱ्याच्या डोस्क्यात बिघाड हाय म्हटल्यावर त्याचं माप कोन मानीन?"

मी पट्टीवरचं नाव वाचलं आणि माझ्याच रॅकवरून त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी काढून शेजारी ठेवली. शिकताना वाचलेलं काहीतरी डोक्यात हलत होतं, ते आता वर आलं. काही मनाच्या गोळ्या आणि काही कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, वेगवेगळ्या घेतल्या तर साखरेला फारसं काही करत नाहीत. सोबत घेतल्या तर काही जणांची साखर वर सरकू शकते. सगळ्यांची नाही. काकांची तशीच वाढली, हे छातीठोक सांगायला मी डॉक्टर नाही. पण संशय घ्यायला एवढं पुरे होतं.

"अकोल्याच्या डॉक्टरांना ही गोळी सांगितली?"

"नाही."

"आणि शेगावच्यांना या तीन?"

"नाही."

"काऊन नाही, काका?"

काका थोडे चकित झाले, मला एवढंही कळू नये म्हणून. "एका अडत्याकडं तोललेला माल दुसऱ्याच्या काट्यावर नेऊ नाही, पोरी. पह्यल्याचा अपमान होते."

चौतीस वर्षं यार्डात हाच शिष्टाचार पाळला होता त्यांनी. अकोल्याची फाइल एका पिशवीत, शेगावची दुसऱ्या, आणि दोन्ही पिशव्या दोन वेगळ्या खुंट्यांवर. शेगावच्या डॉक्टरांनी विचारलंही होतं, दुसरं काही औषध चालू आहे का. काकांनी अडत्याची अब्रू राखली होती.

मी दोन्हीकडे फोन लावले. डॉक्टर म्हणाले, आम्ही आपसात बोलू, पण माणसाला घेऊन या. काका उठेनात. मग त्यांनी खरी भीती सांगितली, अगदी हळू. "ही गोळी काढून घेतीन ते. मंग मी पुन्हा तसाच पडीन. साखर राहू दे, वर्षा. गोदी बोलत नाही तं नाही बोलो. पन तिकडं, त्या भिताडाकडं, मले पुन्हा नाही जायचं."

इतकी वर्षं या माणसाला ओळखत होते, आणि त्याला कशाची भीती वाटत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी त्यांच्या मोठ्या हातावर हात ठेवला. म्हटलं, काढून नाही घेणार, बदलून देतील. आत मात्र मलाही खात्री नव्हती.

गुरुवारी मी दुकान बाबांवर सोडून काकांसोबत गाडीत बसले. दोन्ही पिशव्या माझ्या मांडीवर होत्या. शेगावच्या डॉक्टरांनी दोन्ही फाइली पाहिल्या, अकोल्याला फोन केला, मग काकांना समजावलं. ही गोळी एकदम सोडायची नाही. हळूहळू कमी करत दुसरी सुरू करू, तीही मनाचीच. काही आठवड्यांनी साखर पुन्हा बघू. तोवर साखरेचं औषध घाईने नको, कारण नाडी हळू ठेवणाऱ्या गोळीमुळे साखर फार खाली गेली तरी छातीची धडधड जाणवत नाही, कळायला उशीर होतो. काकांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे पारडं रिकामं नाही करायचं, वजन बदलायचं." डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर.

राहिल्या काकू. ते मी सांगायचं नाही, असं ठरलं होतं. मी आणि बाबा फक्त साक्षीला. त्याच संध्याकाळी काकांनी खुंटीवरचा जुना पितळी तराजू काढला, फडक्याने पुसला आणि ओट्यावर बसले. काकू समोर सुपात तांदूळ निवडत होत्या, नजर सुपात. काकांनी एका पारड्यात हृदयाच्या गोळ्यांच्या पट्ट्या ठेवल्या, यार्डातल्या आवाजात पुकारत. "लाभ. दोन. तीन." मग दुसऱ्या पारड्यात ती एक पट्टी.

"हे हिरदयाचं. अन् हे मनाचं," काका म्हणाले, ताटाशी नाही, सरळ काकूंशी. "गोड मी नाही खाल्लं. तुह्या डोस्क्याची शपथ जशीच्या तशी हाय. पन हे लपवलं. याची शपथ नोती घेतली, म्हून वाटलं चालते."

काकूंचे हात थांबले. "काय झालं होतं तुमाले?"

"कायचंच वजन लागे ना. लेकरू आनलं सुरेखानं, दुरूनच समजलं, उचललं तरी हाताले काही लागनार नाही. सगळं हलकं, भुसासारखं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"मापाऱ्याच्या हाताले वजन समजत नाही, हे कोन्या तोंडानं सांगू?"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "अन् मले वाटे, भिताडाकडं तोंड करता ते माह्यावर रुसून. गोड बंद केलं म्हून. रोज वाटे, शपथ सोडून द्यावं काय यायची." त्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि बाबा टोपी नसताना टोपी नीट करत होते. मग काकूंनी एकदम मान वर केली. "म्हंजे दर्शनाले जातच नोते तुमी?"

"जात होतो. गाडीले टाइम राहे."

"अन् शेगावची कचोरी?"

खोटं बोलायला एवढी चांगली संधी दुसरी नव्हती. काकांनी खाली पाहिलं. "हाव."

"किती?"

"लाभ."

"दर खेपीले लाभ?"

काकांनी तराजूची साखळी सरळ करायला घेतली, आणि बाबा हसता हसता ओट्याच्या पायरीवर बसले. काकूही हसल्या, रडता रडता. कचोरीचा हिशोब शपथेत नव्हता, हे त्यांनी नंतर मोठ्या मनाने मान्य केलं. तिची वेगळी शपथ मात्र त्याच जागी घेतली गेली.

नवी गोळी लागू पडायला वेळ लागला. मधले दोन-तीन आठवडे काकू रोज सकाळी काकांच्या हातात काहीतरी ठेवत, भोपळा, खलबत्ता, पाण्याने भरलेला तांब्या, आणि म्हणत, "किती?" काका सांगत. ज्या दिवशी उत्तर यायला उशीर लागे, त्या दिवशी काकू दुकानात येऊन मला सांगून जात. मग उशीर लागेनासा झाला. साखरही आठवड्या-आठवड्याने उतरत पुन्हा काठावर आली. त्या दिवशी काकूंनी गुळाची बरणी माझ्याकडून परत नेली, बाजारातून दोन किलो जिलबी आणवली आणि गल्लीभर वाटली. प्रत्येक प्लेट आधी काकांच्या तळव्यावर ठेवली जात होती. जाऊबाईंची प्लेट काकूंनी स्वतः नेऊन दिली आणि म्हणाल्या, "काट्याले इचाराच्या आधी मानसाले इचारा लागते, बाई. हे मलेच उशिरा समजलं." काकांनी त्यातला कणही खाल्ला नाही. डोळे मात्र दर वेळी मिटले.

गेल्या वर्षी ते दोघं डोणगावला गेले. मोठ्या मुलाचं, म्हणजे काकांच्या 'लाभा'चं, तिथे दुकान आहे. तो किती दिवसांचा बोलावत होता. मी बसस्टँडवर पोचवायला गेले, कडेवर माझी चार महिन्यांची मुलगी. काकूंच्या खांद्याला एकच पिशवी होती. मी विचारायच्या आधीच त्यांनी ती उघडून दाखवली: दोन्ही फाइली एकीत एक, वरून दोरा बांधलेला. बाबा म्हणाले, "रामराम, मापारी." काका म्हणाले, "जयभीम, साहेब." मग त्यांनी स्टँडच्या नळावर हात धुतले, बंडीला पुसले आणि माझ्यापुढे केले.

बस सुरू झाली होती, कंडक्टर ओरडत होता, काकू पायरीवर उभ्या होत्या. काकांनी डोळे मिटले. हात एकदा किंचित खाली, एकदा किंचित वर. "सहा किलो. वर शंभर," ते म्हणाले. मुलगी माझ्याकडे दिली आणि घाई न करता बसमध्ये चढले. खिडकीतून तो मोठा हात बराच वेळ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी लसीसाठी दवाखान्यात गेले. सिस्टरने मुलीला काट्यावर ठेवलं आणि म्हणाली, सहा किलो दोनशे. मी म्हटलं, "सिस्टर, एकदा पारडं झाडून घ्या." तिने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कार्डावर दोनशेच लिहिलं. घरी आल्यावर मी, फार्मसी शिकलेली बाई, पेन घेऊन बसले आणि ते खोडून शंभर केलं. त्या कार्डावर तेवढी एकच खाडाखोड आहे.